अंड्यात अंडं नाही, मग आहे काय?

गेल्या अंकात मुलांच्या खाऊवर एक चौकट छापली होती. तीत किंडर जॉय या अंड्याच्या आकाराच्या, आत खेळणं असलेल्या खाऊवर जेमतेम दोन ओळी होत्या, पण कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेली निम्मी पत्रं त्या दोन ओळींवरच आहेत. म्हणून या वेळचा विभाग सगळा त्यालाच दिला आहे. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं खाऊ बनवण्याच्या आणि साठवण्याच्या धंद्यातल्या जाणकारांकडून घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या घरात दोघं माळकरी. नातू रोज दुकानापाशी ‘अंड्याचं चॉकलेट’ म्हणून हट्ट धरून बसतो. ह्यात खरंच अंडं असतं का? एकादशीला दिलं तर चालेल का?
(एक आजी, शिवाजी पेठ)

आजी, अंडं नुसतं आकारापुरतं आहे. पाकिटावर हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असतो, तो बघून घ्या. आपल्याकडच्या नियमात अंडं मांसाहारात धरतात, त्यामुळं अंड्याचा अंश असता तर तो ठिपका लावताच आला नसता. एकादशीला मात्र नको, कारण आतल्या कुरकुरीत गोळ्यांना गव्हाचं पीठ लागतं.

नातवाला उघडून द्याल तेव्हा नीट बघा. पट्टी ओढली की अंडं उभं दुभंगतं. एका अर्ध्यात खेळणं, ते वेगळं बंद केलेलं. दुसऱ्या अर्ध्यावरचा पातळ पापुद्रा सोलला की आत दुधाची पांढरी आणि कोकोची तपकिरी अशा दोन क्रीम, त्यांत रुतलेल्या दोन गोळ्या आणि खरवडून खायला इवलासा चमचा. सगळं मिळून २० ग्रॅम. काटेकोर बोलायचं तर हे चॉकलेटही नव्हे. चॉकलेट म्हणजे कोको बटरवर घट्ट बसलेली वडी, आणि हे तर चमच्यानं खायचं. पण आपल्याकडं लिमलेटच्या गोळीलाही चॉकलेटच म्हणतात, तेव्हा नावावरून कुणी अडवणार नाही.

प्रश्न : पाचवीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, ‘सर, चॉकलेटात खेळणं घालायचं पहिल्यांदा कुणाला सुचलं?’ उत्तर देता आलं नाही. मुलांना सांगता येईल असा इतिहास द्याल का?
(प्राथमिक शिक्षक, कागल)

सुरुवात चॉकलेटच्या टंचाईपासून करा, म्हणजे मुलांना धागा लागेल. इटलीच्या वायव्येला पिडमाँट प्रांत आहे. तिथल्या आल्बा गावात पिएत्रो फेरेरो मिठाईचं दुकान चालवत होते. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. कोको मिळत नव्हता आणि मिळाला तरी परवडत नव्हता. डोंगराळ भागात हेझलनट हा सुका मेवा मात्र मुबलक. तेव्हा कोको थोडा आणि हेझलनट जास्त असं मिश्रण करून त्यांनी वडी काढली आणि १९४६ साली फेरेरो कंपनी उभी केली. ती वडी पावावर कापून ठेवायची असे. पुढं तिचं मऊ रूप आलं आणि १९६४ मध्ये त्यातूनच न्यूटेला झालं. शेंगदाण्याच्या कुटानं भाजी वाढवणाऱ्या कोल्हापूरकराला ही युक्ती वेगळी समजावून सांगायला नको.

पिएत्रो १९४९ मध्ये गेले. पुढं सूत्रं आली त्यांचा मुलगा मिकेले याच्याकडं, आणि मुलांच्या खाऊची सगळी कहाणी या माणसाभोवती फिरते. कंपनी १९५० च्या दशकातच जर्मनीत पोचली होती, म्हणूनच इटालियन मालाचं नाव जर्मन आहे : किंडर म्हणजे मुलं. १९६८ च्या सुमाराला या नावाखाली पहिली वडी आली. कोको कमी, दूध जास्त आणि प्रत्येक कांडी वेगळ्या कागदात. मुलाच्या हातात अख्खी लादी द्यावी लागू नये, एक कांडी देऊन आईला डबा बंद करता यावा, हा त्यामागचा हिशेब. मिकेले आपल्या गिऱ्हाइकाला ‘वालेरिया’ म्हणायचे. वालेरिया म्हणजे बाजारात पिशवी घेऊन आलेली आणि घरच्यांसाठी काय घ्यायचं ते ठरवणारी बाई. तिला पटलं तर माल खपतो, एवढं साधं त्यांचं गणित होतं.

आता अंड्याकडं. इटलीत ईस्टरच्या सणाला मुलांना पोकळ चॉकलेटचं मोठं अंडं देतात आणि त्याच्या पोटात काहीतरी भेट असते. ही जुनी रीत. तेव्हा चॉकलेटात खेळणं घालायची कल्पना कुणा एकाची नाही, ती सणाची आहे. मिकेले यांनी केलं ते एवढंच की सण वर्षातून एकदा न ठेवता रोजचा केला. अंड्यांचे साचे मोठ्या संख्येनं मागवले तेव्हा, ईस्टर तर एकदाच येतो मग एवढे साचे कशाला, असं त्यांच्याच माणसांना वाटलं, असं सांगतात. १९७४ मध्ये किंडर सरप्राइज बाजारात आलं. बाहेरून दुधाचं तपकिरी चॉकलेट, आतून पांढरा थर आणि मधे पिवळी प्लास्टिकची डबी. पिवळीच का, हे मुलांना विचारा. चटकन सांगतील : आतला बलक!

हे अंडं प्रत्यक्षात उतरवणाऱ्यांत विल्यम सालिचे यांचं नाव घेतात. २०१६ मध्ये ते गेले तेव्हा ‘किंडरचे जनक’ म्हणून बातम्या आल्या. स्वतः ते मात्र श्रेय मिकेले यांना देत आणि आपण फक्त ते घडवलं, असं म्हणत.

जर्मनीत तर आतल्या चित्रांचा, म्हणजे छोट्या बाहुल्यांचा, नाद मोठ्या माणसांना लागला. १९८८ मध्ये पाणघोड्यांची एक मालिका निघाली, तेव्हापासून जुन्या बाजारात ही इवली चित्रं गोळा करणारे आणि विकणारे उभे राहिले. रशियात सर्गेई किरियेंको १९९८ मध्ये पस्तिसाव्या वर्षी पंतप्रधान झाले, तर लोकांनी त्यांना ‘किंडर सरप्राइज’ हेच टोपणनाव दिलं. हे पाचवीला नको, शिक्षकांच्या खोलीत सांगा.

आणि आपल्याकडचं किंडर जॉय? ते २००१ साली इटलीत आलं, तेव्हा त्याचं नाव होतं ‘किंडर मेरेंदेरो’. इटालियनमध्ये मेरेंदा म्हणजे दुपारचं मधल्या वेळचं खाणं. भारतात किंडर म्हणून ओळख झाली ती याच रूपाची. २०११ पासून कंपनीचा कारखाना आपल्या बारामतीला आहे आणि तिथून माल परदेशीही जातो. सहलीच्या बसमधून मुलांना दाखवायचं तर साताऱ्यावरून फलटणकडं वळावं लागेल.

प्रश्न : भाऊ अमेरिकेत असतो. तो म्हणतो, तिकडं किंडरवर बंदी आहे, सामानात सापडलं तर दंड होतो. इकडं व्हॉट्सॲपवर ‘यात मेण असतं, कॅन्सर होतो, म्हणून परदेशात बंद केलं’ असं फिरतंय. खरं काय?
(ताराबाई पार्क)

दोन वेगळ्या गोष्टींची इथं खिचडी झाली आहे. अमेरिकेत बंदी आहे ती किंडर सरप्राइजवर, आणि तिचा मेणाशी किंवा कॅन्सरशी काडीचा संबंध नाही. तिथल्या १९३८ च्या अन्न आणि औषध कायद्यात एक कलम आहे. खायच्या गोड पदार्थाच्या आत न खायची वस्तू पूर्ण झाकलेली असता कामा नये. अपवाद फक्त ज्या वस्तूचा काही उपयोग आहे तिला, जशी लॉलीपॉपची काडी. चॉकलेटच्या पोटातली डबी या कलमात सापडते. भावाचं दंडाचं म्हणणंही हवेतलं नाही. २०१२ मध्ये कॅनडातून परतणाऱ्या दोघांना सियाटलजवळच्या सीमेवर सहा अंड्यांसाठी थांबवलं होतं आणि अंड्यामागं अडीच हजार डॉलर दंड होऊ शकतो, असं बजावलं होतं.

किंडर जॉयमध्ये खाऊ एका कप्प्यात आणि खेळणं दुसऱ्यात, दोन्ही आपापली बंद. एक दुसऱ्याच्या पोटात नाही, म्हणून कलम लागू होत नाही. २०१७ च्या अखेरीपासून ते अमेरिकेच्या दुकानांत उघड मिळतं. चिलीत २०१६ मध्ये नियम झाला तो वेगळ्या कारणानं. जास्त साखरेच्या पदार्थाबरोबर खेळण्याचं आमिष दाखवायचं नाही, असा तो आहे. आमच्या मते विचार करायला लावणारा आक्षेप हाच आहे, मेणाचा नव्हे.

मेण वाटतं त्याचं कारण सांगता येईल. क्रीमचा घट्टपणा पाम तेलातल्या घट्ट स्निग्धांशामुळं येतो. फ्रिजमधून काढून लगेच चमचा लावला तर हा स्निग्धांश जिभेच्या उबेनं पटकन वितळत नाही आणि टाळूला चिकटल्यासारखा लागतो. थंड डालडा चाखून बघा, तसंच लागतं.

खरी घडलेली घटना २०२२ ची. बेल्जियममधल्या आर्लाँ इथल्या कारखान्यातल्या किंडरच्या मालातून साल्मोनेला या जंतूचा संसर्ग बऱ्याच देशांत पसरला. त्यात लहान मुलं जास्त होती. एप्रिलमध्ये त्या कारखान्याचा माल परत मागवला आणि काही काळ परवानाही थांबवला. यातून घ्यायचं एवढंच : आयात केलेलं, हातोहात आलेलं पाकीट घेताना कारखान्याचा पत्ता, बॅच नंबर आणि तारीख वाचायची सवय ठेवा. परत मागवायची वेळ येते तेव्हा बॅच नंबरावरूनच माल ओळखतात.

प्रश्न : माझं किराणा दुकान आहे. एप्रिल-मे मध्ये चॉकलेटचा माल खराब होऊन नुकसान सोसावं लागतं. किंडर जॉय फ्रिजमध्ये ठेवावं का बाहेर? चॉकलेटवर पांढरं येतं ती बुरशी का?
(दुकानदार, इचलकरंजी)

आधी आकडा लक्षात ठेवा. चॉकलेटमधलं कोको बटर साधारण ३४ अंशाला वितळतं, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात दुपारी पारा ३७-३८ च्या पुढं जातो. म्हणजे वडीचं चॉकलेट आपल्या दुकानात फ्रिजबाहेर टिकणारच नाही. खुद्द जर्मनीत याच कंपनीची काही चॉकलेटं उन्हाळ्यात दुकानांतून मागं घेतात. क्रीम भरलेल्या कपाचं तसं नाही. ते मुळातच मऊ, वितळून आकार जाण्याचा प्रश्न नाही, कप आहेच सांभाळायला. उष्ण मुलखात हेच रूप रुजलं यात नवल नाही.

तरी क्रीमलाही मर्यादा आहे. खूप उष्णतेत तेल सुटून वर येतं, दोन रंग एकमेकांत मिसळतात आणि गोळ्या मऊ पडतात. कुरकुरीतपणा गेलेला माल मूल पुन्हा मागत नाही.

बिघडायच्या जागा नेहमीच्याच. एक, फ्रिजच्या डोक्यावर ठेवलेला खोका. फ्रिज आतून थंड करतो तेवढी उष्णता मागून आणि वरून बाहेर टाकतो, तिथं दुकानापेक्षाही गरम असतं. दोन, पश्चिमेकडं तोंड असलेल्या दुकानात काचेच्या बरणीत मांडलेला माल. तीन, टेम्पोतून उतरवून फुटपाथवर ठेवलेला खोका. अर्ध्या तासाचं ऊन पुरतं. खोका भिंतीकडच्या खालच्या फळीवर, जमिनीपासून वीतभर वर ठेवा. जुना माल पुढं, नवा मागं.

फ्रिजमध्ये ठेवायचाच असेल तर भाजीच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात ठेवा आणि गिऱ्हाइकाला सांगा की दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवून मग उघडा. थंडगार उघडलं की हवेतला ओलावा त्यावर दवासारखा बसतो आणि गोळ्या तिथंच नरमतात. पावसाळ्यात तर हमखास. रोज आत-बाहेर मात्र करू नका. एकदा आत गेलं की विकेपर्यंत आत.

पांढरं येतं ते बहुधा बुरशी नसते. ओळखायची खूण अशी : बोट फिरवा. बोटाच्या उबेनं पांढरा थर पुसला जाऊन चकाकी आली तर ते वर आलेलं कोको बटर. चॉकलेट एकदा वितळून पुन्हा घट्ट झालं की असं होतं. थर खरखरीत, साखरेच्या कणासारखा लागला आणि पुसला गेला नाही तर ती साखर. वरचं दव सुकलं की ती मागं राहते. हे दोन्ही खाल्लं तर अपाय नाही, चव मात्र भुसभुशीत लागते. केसाळ, हिरवट किंवा ठिपक्याठिपक्यांची वाढ दिसली किंवा कुबट वास आला तर मग फेकूनच द्या.

प्रश्न : मुलीच्या वाढदिवसाला घरीच खेळण्याचं अंडं करून द्यायचं आहे. मैत्रिणीनं केलं तर तिचं चॉकलेट भांड्यातच गोळा झालं. नीट कृती द्या.
(राजारामपुरी)

ताई, पहिल्यांदा करताय तर कंपाउंड वापरा. बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात त्याची लादी मिळते. त्यात कोको बटरऐवजी दुसरा वनस्पती-स्निग्धांश असतो, त्यामुळं ते नुसतं वितळवून ओतलं तरी सेट होतं. चव अस्सल चॉकलेटची नाही, हे मान्य करून चालायचं.

सहा अंड्यांसाठी मिल्क कंपाउंड ३०० ग्रॅम आणि व्हाइट २०० ग्रॅम घ्या. अंडी मिळून जेमतेम १५० ग्रॅम लागेल. पण साचा काठोकाठ भरून उपडा करायचा असतो, म्हणून जास्त वितळवावं लागतं. उरलेलं डब्यात जातं, वाया नाही. साचा दोन अर्ध्यांचा, सहा-सात सेंटिमीटर उंचीचा. कडक पारदर्शक प्लास्टिकचा असेल तर चकाकी चांगली येते, सिलिकॉनचा असेल तर अंडं सुटायला सोपं.

साचा कोरड्या कापसानं पुसा. ओल्या हातानं नाही. लादी सुरीनं बारीक चिरा, तुकडे मोठे राहिले की बाहेरचं जळतं आणि आतलं कच्चं राहतं. पातेल्यात दोन बोटं पाणी गरम करा, उकळी येण्याआधी गॅस बंद करा आणि वर काचेचं भांडं असं बसवा की त्याचा तळ पाण्याला लागणार नाही. ढवळत राहा. हाताला कोमट लागेल इतपत, म्हणजे ४५ अंशाच्या आसपास आलं की पुरे. मायक्रोवेव्हमध्ये करायचं तर दर वेळी ३० सेकंद आणि प्रत्येक वेळी बाहेर काढून ढवळायचं.

मैत्रिणीचं बिघडलं ते बहुतेक पाण्याच्या थेंबानं. चॉकलेट म्हणजे तेलात विखुरलेली कोरडी साखर आणि कोको. पाण्याचा एक थेंब गेला की साखरेचे कण ओलावून एकमेकांना चिकटतात आणि क्षणात गोळा होतो. ओला चमचा, वाफ, धुऊन नीट न पुसलेलं भांडं, यांतलं काहीही पुरतं. असा गोळा साच्याच्या कामाचा राहत नाही. गरम दूध घालून सॉस करा आणि आइस्क्रीमवर ओता. जास्त तापवून घट्ट झालं असेल तर ते वेगळं, त्यात एक-दोन चमचे साधं तेल घातलं तर कधी कधी सुटतं. पाणी किंवा दूध घालून पातळ करायला मात्र जाऊ नका.

आता ओतणं. दोन्ही अर्धे तपकिरी चॉकलेटनं भरा, साचा ओट्यावर हलके आपटा म्हणजे बुडबुडे वर येतील, दहा सेकंद थांबा आणि साचा भांड्यावर उपडा धरा. जादा निथळलं की वरची कड सपाट पट्टीनं खरवडून घ्या. फ्रिजमध्ये पाच मिनिटं. मग तसाच पांढरा थर, पुन्हा उपडा, पुन्हा खरवडणं आणि दहा मिनिटं. पांढरं ओतताना ते फार गरम नसावं, नाहीतर खालचा थर वितळून दोन्ही कालवले जातात. साच्याच्या मागून बघा. चॉकलेट साच्यापासून सुटल्यासारखं धुरकट दिसलं की तयार. साचा उपडा करून टिचकी मारा, आपोआप पडतं. ओढाओढ केली तर तडा जातो. कड पातळ राहिली असेल तरी तिथूनच फुटतं, म्हणून कडेला बोटानं जरासं जास्त फिरवा.

जोडायला तवा किंचित गरम करा. हाताला सोसवेल इतकाच. एका अर्ध्याची कड तव्यावर एक सेकंद टेकवा, लगेच आत भेट ठेवा आणि दुसरा अर्धा त्यावर बसवून दोन मिनिटं न हलवता धरा. हात थंड हवेत, गरम असतील तर बोटांचे ठसे उमटतात. शेवटी अन्नाला चालणारी रंगीत फॉइल.

आत नुसतं खेळणं टाकू नका. रंग, धूळ, प्लास्टिकचा वास चॉकलेट लगेच घेतं. झाकण घट्ट बसणारी स्वच्छ डबी घ्या. डबी मिळाली नाही तर आत राजगिऱ्याचा छोटा लाडू किंवा चिक्कीचा तुकडा. मुलं तेवढ्यावरही खूश असतात.

अस्सल चॉकलेटचं करायचं असेल तर टेंपरिंग करावं लागतं. कोको बटर सहा तऱ्हेच्या स्फटिकांत गोठू शकतं. त्यातली एकच तऱ्हा कडक, चकचकीत आणि टक्कन मोडणारी. ती मिळवायला मिल्क चॉकलेट ४५ अंशापर्यंत वितळवा, २७ पर्यंत उतरवा आणि परत २९-३० वर आणा. सोपा मार्ग असा : दोन तृतीयांश वितळवा, उरलेलं एक तृतीयांश बारीक चिरून थोडं थोडं घालत ढवळा. सुरीचं टोक बुडवून ठेवा, पाच मिनिटांत डाग न पडता चकचकीत सुकलं तर जमलं. थर्मामीटर हवाच, आणि खोलीही २०-२२ अंशाची हवी. कोल्हापुरात हे डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी जमेल, मे मध्ये नाही.

प्रश्न : धाकटा दीड वर्षाचा आहे. थोरल्याच्या किंडरमधली चाकं-बिकं तोंडात घालतो. गिळलं तर काय करायचं?
(गडहिंग्लज)

पाकिटावर तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नाही अशी खूण असते, रडक्या चेहऱ्यावर तिरकी रेघ. तिचा अर्थ खाऊ नको एवढाच नाही, खेळणं त्या मुलाच्या हाताशी येऊ देऊ नका असा आहे. खेळण्यांच्या तपासणीत सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तीत जे पूर्ण मावतं ते लहान मुलाच्या घशात अडकू शकतं. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, त्यावरून अंदाज घ्या. जोडायचं खेळणं थोरल्यानं उंच टेबलावर जोडायचं आणि सुटे भाग मोजून डबीत ठेवायचे.

अडकलंच तर आधी बघा : जोरात खोकतोय, रडतोय, आवाज येतोय? तर खोकू द्या, पाठीवर मारू नका. आवाज बंद झाला, ओठ निळसर पडले तर लगेच पुढं वाकवून, दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेनं पाच फटके. निघालं नाही तर मागून हात घालून, बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके. निघेपर्यंत पाच-पाच आलटून पालटून. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटके द्यायचे नाहीत. त्याला हातावर पालथं, डोकं खाली असं धरून पाच फटके आणि उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब. दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांगा. बेशुद्ध झालं तर जमिनीवर निजवून सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडानं श्वास देणं, सुरू करायचा. न दिसणारी वस्तू बोटानं चाचपायची नाही, पाणी पाजायचं नाही, उलटं टांगायचं नाही.

पोटात गेलं आणि मूल नीट श्वास घेतंय, तरी डॉक्टरांना दाखवा. आत बटणासारखी बॅटरी किंवा लोहचुंबक असलेलं दुसरं कुठलं खेळणं असेल तर एक मिनिट न दवडता दवाखाना गाठा.

प्रश्न : रोज एक दिलं तर चालेल का? आणि निळं मुलांचं, गुलाबी मुलींचं, यात खाऊ वेगळा असतो का?
(जयसिंगपूर)

खाऊ तोच, फरक खेळण्यात. मुलीला गाडी हवी असेल तर निळं घ्या, दुकानदार काही म्हणत नाही.

रोज नको. एका अंड्यात सुमारे ११० कॅलरी आणि वजनाच्या निम्म्याच्या आसपास साखर, म्हणजे दहा ग्रॅमच्या जवळपास. पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला १३०० ते १४०० कॅलरी लागतात, आणि वरून घातलेल्या साखरेचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे साधारण ३३ ग्रॅम. सकाळचं दूध-साखर, बिस्किटं, जॅम-पोळी यांतच ती भरत आलेली असते.

प्रश्न : आमच्या वेळी असलं काही नव्हतं. तेव्हाच्या गोळ्या-चॉकलेटांचा इतिहासही द्या की कधीतरी.
(निवृत्त बँक कर्मचारी, शाहूपुरी)

देऊ, सवडीनं. तूर्त एवढं : तुम्ही चघळलेल्या पुष्कळ गोळ्या महाराष्ट्राच्याच मातीतल्या. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये साखरेचा उद्योग उभा केला आणि १९४० च्या दशकात तिथंच गोळ्या बनू लागल्या. पान पसंद आणि मँगो मूड तिथल्याच. कॅडबरी भारतात आली १९४८ मध्ये, रंगीत जेम्स १९६८ मध्ये. त्या जेम्सलाही उन्हाचाच विचार करून साखरेचं कडक कवच आहे, हातात वितळत नाही.

प्रश्न : दुकानात हलवून बघितलं तर आत कोणतं खेळणं आहे ते कळतं का? पैज लागली आहे.
(इयत्ता सातवी, कसबा बावडा)

कोणतं आहे ते कळत नाही. कसलं आहे ते थोडं कळतं. जोडायचे सुटे भाग असतील तर खुळखुळ येते, अखंड चित्र असेल तर एकच ठप्प असा आवाज. जर्मनीतले नादिष्ट लोक अंडी वजन करून निवडायचे, पण त्यासाठी ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागतो आणि किराण्याच्या दुकानात तो मिळाला तरी मालक पुढ्यात असतो. पैज ‘खुळखुळतं का ठप्प’ यावर लावलीत तर जिंकाल. दोन-तीनदा हलवलं तर क्रीमला काही होत नाही. पाच जणांनी मिळून वीस अंडी हलवली तर मात्र गोळ्या क्रीममधून सुटून वर चिकटतात, आणि ते पाकीट मग दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला येतं.